लंडनचा लवाद आणि तांडेलाची वही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बारावीच्या निकालानंतर पुढे काय शिकायचं यावर आपण जी पुरवणी काढली त्यात कायद्याच्या पानावर एक छोटी चौकट होती, आंतरराष्ट्रीय लवाद वकील, परदेशात काम, डॉलरमध्ये पगार, इंग्रजी उत्तम हवं, संपलं. माझी भाची कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिने त्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर टाकला आणि विचारलं, मामा तुम्ही बोटींच्या लाईनमध्ये होता ना, हे लोक नक्की करतात तरी काय? मी सांगायला बसलो तर तासभर गेला आणि मग वाटलं की हे पेपरलाच लिहावं, कारण गोव्यातल्या पोरांसाठी हा विषय चार ओळींत उरकण्यासारखा अजिबात नाही.

पहिलं म्हणजे आपल्याकडे लवाद म्हटलं की लोकांना म्हादई नदीच्या पाण्याचा तंटाच आठवतो, २०१० ला नेमलेला जललवाद आणि २०१८ च्या ऑगस्टमधला निवाडा. तो लवाद १९५६ च्या जलविवाद कायद्याखाली केंद्राने नेमलेला, तिथे राज्यांच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. मी म्हणतोय तो लवाद दोन पार्ट्या आपखुशीने करारात लिहून ठेवतात, की उद्या आपलं बिनसलं तर कोर्टात न जाता अमुक शहरात, अमुक कायद्याप्रमाणे, एक किंवा तीन माणसं बसतील आणि ती सांगतील ते आपण मानू. एक पार्टी गोव्याची, दुसरी सिंगापूरची, कुणालाच दुसऱ्याच्या गावच्या कोर्टावर भरवसा नसतो, म्हणून ही सोय. आणि तो निवाडा जगभर चालतो कारण १९५८ चा न्यूयॉर्क करार आहे, त्यात आज १७० च्या वर देश आहेत, भारत १९६० पासून आहे. म्हणजे लंडनला झालेल्या निवाड्याची वसुली इथे पर्वरीला हायकोर्टात अर्ज करून होऊ शकते. केर्न एनर्जी ह्या ब्रिटिश कंपनीचं आपल्या सरकारशी टॅक्सचं भांडण आठवत असेल, डिसेंबर २०२० ला निवाडा भारत सरकारच्या विरोधात गेला आणि पुढच्या वर्षी पॅरिसमधल्या सरकारी मालमत्तांवर टाच आणायला कंपनी फ्रान्सच्या कोर्टात पोचली, शेवटी ऑगस्ट २०२१ ला सरकारने तो मागच्या तारखेचा टॅक्सच मागे घेतला. एवढी ताकद त्या कागदात असते.

आता मी हे जवळून कसं बघितलं ते सांगतो. ही कामं गुप्त ठेवायची असतात म्हणून कंपनीचं नाव आणि पैशाचा आकडा सांगत नाही.

२००७ साल, चीनची मागणी जोरात, मुरगावला लोह खनिज भरायला बोटींची रांग. मी वास्कोत एका एक्स्पोर्टरच्या शिपिंग खात्यात होतो. माल एफओबी विकायचा, म्हणजे जहाज खरेदीदार आणणार आणि ठरलेल्या वेळेत भरून द्यायची जबाबदारी आमची, उशीर झाला तर दिवसाला इतके हजार डॉलर डेमरेज, आणि त्या वर्षी जहाजांचे दर असे भडकले होते की एका दिवसाचं डेमरेज म्हणजे आमच्या ऑफिसचा कितीतरी महिन्यांचा पगार. मे महिन्याच्या शेवटी एक जहाज अडकलं. वळवाचा पाऊस सुरू, मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा बार, म्हणजे वाळूचा दांडा, पावसाने बंद झाला की मांडवीतल्या बार्ज, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी, कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत आणाव्या लागतात, त्यात वेळ जातो, एकूण जहाज बरेच दिवस जास्त थांबलं.

सिंगापूरच्या ट्रेडरने अकरा दिवसांचं डेमरेज लावलं, आम्ही म्हटलं पाऊस होता, देत नाही. मग सप्टेंबरमध्ये त्यांच्या वकिलाचा फॅक्स आला की लंडनला लवाद सुरू केलाय, निवाडा करायला आमचा माणूस अमुक, तुमचा चौदा दिवसांत नेमा. फॅक्स आला तेव्हा गणपतीची चवथ होती. गोव्यात चवथीला ऑफिसात कोण असतं हो, सगळे आपापल्या गावी, आणि नंतर पण तो कागद ट्रेमध्ये पडून राहिला कारण साहेबांना वाटलं ही नुसती धमकी आहे, लंडनला बसून कोण काय करणार. इंग्लंडच्या १९९६ च्या लवाद कायद्यात कलम १७ आहे, समोरच्याने मुदतीत आपला माणूस नेमला नाही तर त्याला आणखी सात दिवसांची नोटीस द्यायची आणि तरी गप्प राहिला तर आपलाच माणूस एकटा लवाद होतो. तसंच झालं. दोन नोटिसा गेल्या आणि आमचा निवाडा करायला त्यांनी नेमलेला माणूस बसला. तो माणूस वाईट नव्हता, लवाद कुणीही नेमला तरी त्याने निःपक्षच राहायचं असतं, पण आपण निवडलेला कुणीच तिथे नाही ही गोष्ट मला आज पण टोचते.

तेव्हा कुठे मुंबईहून वकीलबाई आल्या. पस्तिशीच्या असतील, कोल्हापूरकडच्या. मला वाटलेलं की येतील, कायद्याची पुस्तकं काढतील, इंग्रजीत पत्रं लिहितील. त्यांनी पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाल्या, तुम्ही लेटाइम शीटमध्ये, म्हणजे जहाज भरायला मिळालेल्या वेळेच्या हिशेबात, जो पाऊस वजा केलाय तो कुठला पाऊस? मी म्हटलं कुठला म्हणजे, सावर्ड्याच्या जेटीवरचा, तिथे बार्ज भरता येत नव्हत्या. त्या म्हणाल्या, करारात लोड पोर्टचं हवामान लिहिलंय, सावर्डे हे पोर्ट नाही, हा सगळा पाऊस तुमच्या हातून गेला. मी गार पडलो. एवढी वर्षं लेटाइम शीट बनवत होतो आणि हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग त्यांनी दुसरं काम केलं, उलट्या बाजूने. एजंटच्या स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्समध्ये, म्हणजे जहाजावर तासातासाला काय झालं त्या नोंदीत, बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं, बार्जची वाट बघत थांबलो, म्हणजे तो वेळ आमच्या माथी. त्यांनी बार्जच्या स्लिपा मागवल्या, तेवढ्याने भागेना तेव्हा म्हणाल्या तांडेलाला, बार्ज चालवणाऱ्याला, भेटायचंय. चिकाळ्याचा म्हातारा तांडेल, त्याच्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची वही, त्यात पेन्सिलने रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीत लिहिलेलं, किती वाजता बार्ज जहाजाला लागली, किती वाजता हॅच, म्हणजे जहाजात माल टाकायची दारं, बंद केले, किती वाजता उघडले. बाई त्याच्या घरच्या सोप्यावर दोन तास बसल्या, त्याला वाचून दाखवायला लावलं, मी मराठीत सांगत होतो आणि त्या लिहून घेत होत्या. आणि निघालं असं की चार-पाच दिवशी ज्या वेळेला कागदावर बार्ज नाही असं लिहिलंय त्या वेळेला बार्ज जहाजाला लागून उभी होती आणि वरती पावसामुळे हॅच बंद होते! हा पाऊस मात्र पोर्टमधलाच, म्हणजे ते तास आमचे. मग जहाजाचं लॉगबुक मागितलं, त्यात पण ताळा बसला. त्या वहीची फोटोकॉपी, भाषांतर, तांडेलाचं निवेदन असं सगळं लंडनला गेलं आणि अकरा दिवसांचे साडेसहा झाले. वेळ परत चालू झाली ते कुठल्या क्षणापासून यावरच निम्मा वाद होता, कारण या धंद्यात एकदा डेमरेज लागलं की मग पाऊस पडो की रविवार असो मीटर चालूच राहतो.

साडेसहा दिवसांचे पैसे भरावे लागलेच, वर समोरच्याच्या खर्चाचा मोठा हिस्सा पण, लंडनला साधारण हरणाऱ्याने खर्च द्यायचा असतो. पण मला बाईंबरोबरच्या त्या दिवसांत कळलं की हे लोक काय करतात. कायदा तर सगळ्यांनाच यायला हवा, ह्यांचं कसब म्हणजे ज्या धंद्यातलं भांडण आहे तो धंदा त्यांना आठवड्याभरात आतून शिकावा लागतो, आज बोट, उद्या धरणाचं काम रखडलेलं, परवा औषधाचं लायसन्स. इंजिनियरला उलटतपासणीत विचारायचं तर त्याच्याइतकं काँक्रीट कळायला हवं. कुठला कागद समोरच्याकडून मागायचा आणि का, त्याचा तक्ता करतात, तो मांडणाऱ्या इंग्रज वकिलाच्या नावाने त्याला रेडफर्न शेड्यूल म्हणतात. लवाद कुणाला नेमायचं ह्याचा अभ्यास वेगळाच. आणि सीट म्हणजे कायद्याने लवादाचं गाव कुठलं हे, सुनावणी पणजीला कांपालच्या हॉटेलात घेतली तरी सीट लंडन असेल तर निवाडा रद्द करायला लंडनच्याच कोर्टात जावं लागतं, आपल्या सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१२ च्या बाल्को निकालात हे पक्कं केलं. आमच्या साहेबांनी सही करताना तो क्लॉज वाचलाच नव्हता. कराराच्या शेवटी असतो, भाव ठरल्यावर कोण वाचतो.

शिक्षणाचं बाईंनीच सांगितलेलं ते भाचीलाही सांगितलं. कायद्याची डिग्री, मग मुंबईत कोर्टात चार-पाच वर्षं ज्युनियर म्हणून घासणं, ते त्यांना सगळ्यात उपयोगी पडलं म्हणाल्या, मग सिंगापूरला एलएलएम, कायद्याची पुढची डिग्री. काहीजण लंडन, जिनिव्हा, स्टॉकहोमला जातात. कॉलेजात असतानाच व्हिएन्नाच्या व्हिस मूटला, लवादाच्या विद्यार्थी स्पर्धेला, उतरलं तर उत्तम, १९९४ पासून चालू आहे, जगभरची पोरं येतात आणि खरेखुरे लवाद समोर बसून प्रश्न विचारतात. पॅरिसचं आयसीसी, सिंगापूरचं सियाक, मुंबईत २०१६ ला सुरू झालेलं एमसीआयए, अशा लवाद चालवणाऱ्या संस्थांतही पोरांना काम मिळतं. स्वतः लवाद म्हणून नेमणूक यायला मात्र केस पांढरे व्हावे लागतात. फली नरिमन मुंबई हायकोर्टात वकिली करत वाढले आणि आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादाच्या जागतिक परिषदेचे अध्यक्ष झाले, म्हणजे रस्ता आहे, पण लांब आहे. रात्री-रात्री कागद वाचायचे, अर्धं आयुष्य विमानतळावर. चौकटीत हे पण यायला हवं होतं.

आता माझा खरा मुद्दा. गोव्याकडे ह्या कामाचं भांडवल पडून आहे आणि कुणी पोरांना सांगत नाही. देशात बाकी ठिकाणचा वकील इंग्रजी पद्धतीचाच कायदा बघतो, आपल्याकडे लग्न आणि वारसा यांत १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडची परंपरा, इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटायच्या, केसी, नोटरीचे जुने कागद. करारांना इथे भारतीय कायदाच लागतो हे खरं, पण युरोपियन पद्धतीचा कायदा वाचायची सवय मडगावच्या साध्या वकिलाला पण असते, ती दिल्लीच्या मोठ्या फर्ममध्ये शिकवून येत नाही. वर भाषा. पोर्तुगाल, ब्राझील, अंगोला, मोझांबिक सगळे न्यूयॉर्क करारात आहेत, अंगोला तर अलीकडे २०१७ ला आला. मोझांबिकच्या गॅसमध्ये आपल्या ओएनजीसी विदेशचा हिस्सा आहे, तिथल्या कोळशात भारतीय कंपन्या आहेत, उद्या भांडण झालं तर कागद पोर्तुगीजमध्ये असणार. इंग्रजी, पोर्तुगीज आणि दोन्ही तऱ्हेचे कायदे येणारा तरुण वकील अख्ख्या भारतात दुसऱ्या कुठल्या राज्यात मिळेल? आणि आपल्याच शाळांत आठवीला पोर्तुगीज घेणाऱ्या पोराला लोक विचारतात, घेऊन काय करणार, पोर्तुगालचा पासपोर्ट?

तिसरं म्हणजे आपले तारवटी, बोटींवर नोकरी करणारे. लवाद व्हायला वकीलच असावं लागतं असं नाही, लंडनच्या जहाजांच्या लवादांत बोटींच्या धंद्यातून आलेली माणसं आहेत, काही तर जुने कॅप्टन. गोव्यात घरटी नाही पण वाड्यावाड्यात रिटायर कॅप्टन, चीफ इंजिनियर आहेत. त्यांनी चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ आर्बिट्रेटर्सचे कोर्स केले तर निदान एक्स्पर्ट साक्षीदार म्हणून तरी त्यांचं ज्ञान कामी येईल, घरी बसून वाया जातंय.

माझी कायद्याच्या कॉलेजांना विनंती आहे की लवादाचा पेपर शिकवता तेव्हा एक दिवस मुलांना मुरगाव बंदरात न्या, एजंटच्या ऑफिसात बसवा, पोर्तुगीज शिकवणाऱ्या माणसाला वर्गात बोलवा. आणि आपल्या पेपरला विनंती की पुढच्या वर्षीच्या पुरवणीत ही चौकट पानभर करा.

मी नावं आणि आकडे बदलून हाताने एक स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स तयार केलंय, सात दिवसांचं, पावसासकट, त्यावरून लेटाइम शीट बनवायचं. भाचीने दोनदा सावर्ड्याचा पाऊस वजा केला, तिसऱ्यांदा बरोबर आलं. कुठल्याही कॉलेजला हवं असेल तर झेरॉक्स घेऊन मी स्वतः येतो, शनिवार मला चालतो.

आपला,
एक निवृत्त शिपिंग कर्मचारी
वास्को, गोवा