हजेरीला हात वर केला तरी चालतं की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळा सुरू झाल्या, आता तुमच्याकडे दप्तराचं ओझं, व्हॅनची भाडी, फीवाढ यावर ढीगभर पत्रं येतील, यायलाच हवीत. पण शाळेत तोंडातून एक अक्षर न काढणाऱ्या मुलांबद्दल कोणी लिहिताना दिसत नाही, म्हणून हा खटाटोप. डॉक्टर याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात.

माझी मुलगी यंदा दुसरीत गेली. घरी तिची टकळी बंद करायला आम्हाला विनवण्या कराव्या लागतात. संध्याकाळी बाहुल्या ओळीत बसवून ती टीचर होते, अख्ख्या वर्गाची हजेरी रोल नंबरप्रमाणे तोंडपाठ घेते, टीचरचं मधेच घसा खाकरणं पण करून दाखवते, आणि स्वतःचा नंबर आला की खणखणीत आवाजात 'प्रेझेंट मॅम'. तीच मुलगी सकाळी वर्गात त्याच नंबरला बाकाची कड घट्ट धरून बसते, मान ताठ, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. न माहीत असणाऱ्याला वाटणार, काय माज आहे एवढ्याशा पोरीला!

आणि तिथेच सगळी गाडी अडते. घरी बोलते ना, मग शाळेत बोलत नाही म्हणजे मुद्दाम करते, हट्टी आहे, लाडावून ठेवलीये, हे आम्ही पीटीएमला ऐकलंय, लग्नकार्यात ऐकलंय, सोसायटीच्या लिफ्टमध्ये पण ऐकलंय. एका नातेवाईकांनी वेखंड मधातून चाटवायला सांगितलं, दुसऱ्यांचं म्हणणं इंग्लिश मीडियमचा परिणाम, मराठी शाळेत घाला (भाषा तिला दोन्ही छान कळतात, लिहिते पण), आणि एक काका म्हणाले पुण्यात जन्मून गप्प बसणारं माणूस म्हणजे म्युझियममध्येच ठेवायला पाहिजे. त्यावर आम्ही पण हसलो, खोटं कशाला बोलू.

पण हा हट्ट नाहीये, ही भीती आहे. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचं डीएसएम-५ म्हणून मानसिक आजारांच्या निदानाचं जे पुस्तक आहे, ज्याच्या आधारे आपल्याकडचे डॉक्टर पण निदान करतात, त्यात २०१३ पासून हे चिंतेच्या आजारांमध्येच धरलंय. ठराविक ठिकाणी, ठराविक माणसांसमोर मूल बोलूच शकत नाही, आणि हे निदान महिनाभर तरी टिकल्याशिवाय करत नाहीत, त्यात शाळेचा पहिला महिना धरायचा नाही कारण तेव्हा बरीच पोरं गप्पच असतात. सुरुवात बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आधीच झालेली असते, पण घरी पत्ता लागत नाही, शाळेत घातलं की कळतं. प्रमाण शंभरात एकापेक्षा कमीच, पण आपल्या पुण्यात एकेका शाळेत हजार-दोन हजार पोरं असतात, म्हणजे बघा. हिंजवडी-वाकडला बाहेरच्या राज्यातून आलेली जी कुटुंबं आहेत त्यांची मुलं नवीन भाषेमुळे सुरुवातीचे काही महिने गप्प राहतात ते वेगळं, ते कान देऊन शिकत असतात आणि मधल्या सुट्टीत आपल्या भाषेतलं कोणी भेटलं की बोलतात. पण महिने उलटले तरी शाळेत स्वतःच्या भाषेत पण तोंड उघडत नसेल तर नव्या भाषेवर ढकलून गप्प बसू नका. आधी कानाची तपासणी, मग चाइल्ड सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६.

लोकांना वाटतं नाही बोललं तर काय बिघडतं, शांत मूल म्हणजे टीचरला आरामच. आमची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची. उन्हाळ्यात सुद्धा. आधी वाटलं खेळायच्या नादात विसरते, मग तिनेच रात्री झोपताना सांगितलं की पाणी प्यायलं की शू लागते आणि शू लागली की टीचरला विचारावं लागतं. म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत घसा कोरडा ठेवून ती पोरगी बसायची. डॉक्टरांनी लघवीचं इन्फेक्शन होईल म्हणून आम्हाला चांगलाच दम दिला. शेवटी एक पिवळं कार्ड बनवलं, ते बाकावर ठेवलं की टॉयलेटला जायची परवानगी, विचारायचं नाही सांगायचं नाही. बाटली अर्धी यायला लागली.

हे कार्ड मान्य केलं ते पहिलीच्या टीचरनी, आणि त्या बाईंनी जे केलं ते मला मुद्दाम सविस्तर लिहायचंय. 'बोल ना बाळा, बोललीस तर चॉकलेट' हे त्यांनी एकदाही केलं नाही. सकाळी शाळा भरायच्या आधी रिकाम्या वर्गात मला आणि मुलीला बसू दिलं, आम्ही दोघं साप-शिडी खेळायचो, दार बंद, ती माझ्याशी मोठ्याने बोलायची. वर्गाच्या चार भिंतींना आधी तिचा आवाज ऐकू येऊ दे, असं सायकॉलॉजिस्टनी सांगितलेलं. मग दार उघडं ठेवून. मग टीचर पॅसेजमधून येजा करायच्या, मग लांबच्या टेबलवर वह्या तपासत बसायच्या, आमच्याकडे न बघता. मधे मुलगी पुन्हा गप्प व्हायची, तेव्हा टीचर काही न बोलता परत दारापर्यंत मागे जायच्या. बरेच दिवस असं पुढे-मागे चाललं. एका सकाळी त्या आमच्या शेजारी बसून फासा टाकायला लागल्या आणि मुलीने घरं मोजताना 'तीन, चार, पाच, साप!' म्हटलं, त्यांच्यासमोर. टीचरनी टाळ्या नाही वाजवल्या, 'अरेच्चा गेले मी खाली' एवढंच म्हणाल्या आणि फासा पुढे केला. मी तर उठून नाचलो असतो, पण त्याने सगळं फिस्कटलं असतं, कारण आपण बोललो याचा गाजावाजा झाला की ही मुलं पुन्हा आत जातात. हो-नाहीचे प्रश्न पण विचारायचे नाहीत, मान हलवून सुटका होते, त्यापेक्षा 'लाल पेन्सिल का निळी' असं विचारायचं आणि चार-पाच सेकंद खरंच थांबायचं. आपल्याला थांबायचीच सवय नाही, मूल तोंड उघडेपर्यंत आपणच उत्तर देऊन मोकळे होतो.

मार्चपर्यंत ती टीचरशी कुजबुजत का होईना बोलत होती आणि बाकावरच्या मैत्रिणीशी तर नॉर्मल.

आता दुसरी. वर्ग नवीन, टीचर नवीन, आणि शाळेचा नियम पण नवीन, पालकांनी गेटच्या बाहेरच थांबायचं. पहिल्या दिवशी हजेरीला आवाज आला नाही म्हणून तिची गैरहजेरी लागली, समोर बसलेली असताना! मी नवीन टीचरना दोष देत नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. जुन्या टीचरनी नवीन टीचरला दहा मिनिटं बसून सांगावं अशी पद्धतच नाही, मार्कांचे तक्ते मात्र बरोबर पुढे जातात.

कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २९, त्यात स्पष्ट आहे की मूल भीती आणि चिंतेतून मोकळं व्हावं आणि त्याला आपलं म्हणणं मोकळेपणाने मांडता यावं अशा तऱ्हेने शिक्षण असावं. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम हे एक साधन आहे, पण त्याच्याच शेजारी निरीक्षण, प्रात्यक्षिक, उपक्रम, स्वाध्याय ही पण आहेत, मग तोंडीला भोपळा देण्यापेक्षा ती कविता घरून मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवली तर काय हरकत आहे? किंवा वर्ग रिकामा असताना फक्त मैत्रिणीसमोर म्हणू दे. आणि हजेरीला हात वर केला तरी मूल हजर असतंच की हो.

हे सगळं बिनपैशाचं आहे. पण खरी मागणी एकच, गेटची. सुरक्षेसाठी पालकांना आत सोडत नाहीत हे मला पटतं, माझंच मूल आत आहे, कोणीही उठून आत शिरावं असं मला कसं वाटेल. पण ज्या मुलांचं डॉक्टरांचं पत्र आहे त्यांच्यापुरती एक यादी गेटवरच्या काकांकडे ठेवा, शाळा भरायच्या आधी पंधरा मिनिटं, एकच पालक, वर्गात फक्त टीचर. शिक्षणाधिकाऱ्यांनी सगळ्या शाळांना असं परिपत्रक काढलं तर आमच्यासारख्यांना दरवर्षी जूनमध्ये ऑफिसबाहेर बाकावर बसून तेच तेच समजावावं लागणार नाही. आधारची झेरॉक्स, फोटो, रजिस्टरमध्ये सही, रोज जे लागेल ते देतो.

आपला,
एक पालक, वारजे, पुणे
(मुलीसाठी नाव छापू नये ही विनंती)