वक्ता नंतर बोलवा, आधी सात तारीख पाळा

मा. संपादक,
स. न.

दिवाळी जवळ आली की नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत प्रेरणा शिबिरांचा हंगाम सुरू होतो. एखाद्या लॉन्सवर कामगारांना बसवायचे, बाहेरगावच्या वक्त्याने टाळ्या वाजवून घ्यायच्या, पडद्यावर मानसशास्त्रज्ञ मास्लोचा, माणसाच्या गरजांच्या पायऱ्यांचा पिरॅमिड दाखवायचा आणि शेवटी जेवण. औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. अशी बरीच भाषणे मागच्या खुर्चीवर बसून ऐकली आहेत. (मास्लोच्या 1943 च्या मूळ लेखात पिरॅमिड नाहीच, तो पुढे इतरांनी काढला. असो.)

या वक्त्यांचा लाडका दुसरा माणूस म्हणजे मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग. 1959 मध्ये त्याने मांडले की पगार, कंपनीची धोरणे, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा हे बिघडले तर माणूस वैतागतो. पण ते सुधारले म्हणून तो झटून कामाला लागतोच असे नाही. झटतो तो काम जमल्याच्या समाधानाने, मिळालेल्या दादेने, अंगावर पडलेल्या जबाबदारीने. व्यवस्थापनांनी यातले सोयीचे तेवढे उचलले. पगाराने प्रेरणा मिळत नाही ना, मग प्रशस्तिपत्र द्या! हर्झबर्गने प्रश्न विचारले ते पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे 200 अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना. पाथर्डी फाट्याजवळ एका खोलीत चौघांबरोबर राहणारा, ठेकेदाराकडून आलेला हेल्पर त्यांत नव्हता.

त्या हेल्परचे दुखणे कळायला मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम्स वाचावा. त्याचे नाव शिबिरात सहसा निघत नाही, आणि का ते उघड आहे. 1963 मध्ये त्याने सांगितले की माणूस आपला मोबदला शेजारच्याशी ताडून पाहतो. तफावत अन्यायाची वाटली की हात आखडता घेतो, नाहीतर काम सोडतो. आपल्याकडे एकाच लाइनवर कायम कामगार आणि कंत्राटी पोरगा उभे असतात. तोच जॉब, तेच टार्गेट, कँटीनमध्ये मात्र कुपनांचा रंगही वेगळा. एकाच्या हातात बोनस, दुसऱ्याच्या हातात मिठाईचा पुडा. कायद्यातला किमान 8.33 टक्के बोनस ठेकेदाराच्या पात्र कामगारालाही लागू आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. मग ‘ही कंपनी तुमचीच आहे’ असे वक्ता माइकवरून सांगतो तेव्हा मागच्या रांगा हसतात. हसणाऱ्यांत मीही असे.

खरी उमेद मी पाहिली ती वेगळ्याच कारणाने. आमच्याकडे एका ऑपरेटरने फिक्श्चरला, म्हणजे मशीनवर जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनाला, छोटा स्टॉपर सुचवला. एरवी सूचनापेटीच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हेही कोणाला ठाऊक नसे. पण त्या वेळच्या प्लांट मॅनेजरने स्वतः मशीनपाशी येऊन ऐकून घेतले, स्टॉपर बसवला आणि पुढच्या फिक्श्चरचे काम त्या ऑपरेटरवरच सोपवले. नंतर तो ऑपरेटर सुट्टीच्या दिवशीही फोन करून ‘जॉब कसा लागतोय?’ म्हणून विचारायचा. हर्झबर्ग म्हणत होता तो हाच प्रकार. पण तो ऑपरेटर कायम होता आणि त्याचा पगार कधी चुकलेला नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवे.

‘निमा’ आणि ‘आयमा’ या आपल्या उद्योजक संघटनांना माझी एक विनंती आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत व्हावा, असा कायद्याचा दंडक आहे. ठेकेदाराने पगार थकवला तर भरून देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. तेव्हा आपल्या कंत्राटी कामगारांचा पगार गेल्या महिन्यात कोणत्या तारखेला झाला, हे प्रत्येक सदस्य कंपनीने गेटवरच्या फलकावर लिहावे, असा ठराव या संघटनांनी करावा. त्याला खडूखेरीज खर्च नाही.

– एक निवृत्त सुपरवायझर, सिडको, नाशिक