काळ्या कापसाचा हिशेब राहूनच गेला

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

कालच्या पेपरात वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर अर्धं पान वाचलं. रोजगार, रॉयल्टी, चंद्रपूरचं 2920 मेगावॅटचं वीज केंद्र, सगळं बरोबर आहे. वणीचा बाजार माइन्सच्या पगारावर चालते हे आम्ही रोज पाहतो, माझ्या साळ्याचा पोरगाच तिथे कामाला आहे. पण शेवटी "कास्तकारांना योग्य मोबदला मिळाला" असं एका ओळीत लिहून विषय संपवला, तिथं माझं डोकं फिरलं म्हणून हे पत्र.

मोबदला कोणाला मिळाला साहेब? ज्याची जमीन गेली त्याला. दोन एकरामागे एक नोकरी, तीही चकरा मारून मारून, पण मिळाली. माझं पाच एकर वावर कोळशाच्या रस्त्याला लागून आहे, ते संपादनात आलं नाही आणि धुळीतूनही सुटलं नाही. रात्रंदिवस टिप्पर चालतात, ताडपत्री अर्धी बांधलेली, पाणी मारायचा टँकर कोणा मोठ्या साहेबाचा दौरा असला तरच दिसते. पावसाळ्यात पऱ्हाटी धुऊन तरी निघते, पण बोंडं फुटतात दिवाळीच्या टायमाला, तेव्हा पाऊस गेलेला असते, मग कापसावर बसलेली काळी भुकटी तशीच राहते.

2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता. माझ्या दुसऱ्या वेचणीला बाया रस्त्याकडच्या ओळींत शिरायलाच तयार नव्हत्या, डोळे चुरचुरतात, घरी गेल्यावर थुंकी काळी येते म्हणे, शेवटी किलोमागे दोन रुपये जास्त दिले तेव्हा वेचला. सरकारी केंद्रावरून माल परत आला. मग जिनिंगला नेला. खरेदीवाल्यानं मूठभर कापूस बोटांत चोळला अन् बोटं माझ्यासमोर धरली, काळीकुट्ट. म्हणाला, "काका, हा कोळशाच्या पट्ट्यातला माल आहे, 6200 च्या वर जमत नाही." माझ्या मागेच चुलतभावाची गाडी होती, तेच बियाणं, वावर फक्त रस्त्यापासून दोन कोस आत, त्याला 7100 मिळाले. बारा क्विंटल होता माझा. वजनाची चिठ्ठी अजून जपून ठेवली आहे.

रात्री बायको म्हणाली, "आपलं वावर बी घेऊन टाका म्हना त्याहीले." त्या वावरात माझ्या बापानं हातानं विहीर खोदली आहे, आणि आज घरचंच माणूस ते देऊन टाका म्हणते. मला त्या रात्री झोप लागली नाही.

ऑगस्ट 2022 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला अमराई वॉर्डात खाणीपायी राहतं घर जमिनीत गेलं, तेव्हा सगळ्या पेपरात मोठमोठे फोटो आले, यायलाच पाहिजे होते. पण आमचं नुकसान एका दिवसात होत नाही, रोज थोडं थोडं होते, म्हणून ते दिसत नाही का? 2015 च्या कायद्यानं जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणवाल्यांच्या पैशाचा निधी, झालं ते खाणबाधितांसाठीच ना, मग काळ्या कापसाच्या भावातला फरक त्यातून का देऊ नये? तलाठ्याला विचारलं तर म्हणे पंचनामा अतिवृष्टीचा होते, गारपिटीचा होते, धुळीचा होत नाही.

आणि एक तुमच्याबद्दलही, राग मानू नका. जानेवारीत तुमचे प्रतिनिधी आमच्या धुऱ्यावर येऊन तासभर फोटो काढून गेले, माझ्या हातात बोंडं देऊन उभंही केलं. एकही फोटो छापून आला नाही. मी रोज पेपर उघडून पाहत होतो.

ती बोंडं कागदाच्या पिशवीत घरी ठेवली आहेत. परत माणूस पाठवा, दाखवतो.

आपला,
एक कास्तकार, ता. वणी, जि. यवतमाळ