नाथांच्या कावडीतलं पाणी

अंबाजोगाई,
शुक्रवार, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, घरात वाचूनही दाखवलं. ‘जप-उपासाचा नेम धरला तर माणसं दुरावतात, माणसं धरली तर नेम सुटतो’ हे तुझं वाक्य तेव्हापासून मनात घोळतंय.

आधी शेजारच्या काकूंचं. सकाळी दार वाजलं, तू माळ घेऊन बसून राहिलास आणि त्यांना दवाखान्यात न्यायला दुसरं कुणी शोधावं लागलं. माझं मत विचारशील तर उठायला हवं होतं. राहिलेला जप संध्याकाळी करता येतो. पैठणला संत एकनाथांनी, आपल्या नाथांनी, काय केलं, ते आपण कीर्तनात ऐकतच वाढलो. गोदावरीच्या तापल्या वाळवंटात चुकलेलं लेकरू रडत होतं. ज्या घराची सावलीही त्या काळी चालत नव्हती, त्या घरचं. नाथांनी ते कडेवर घेतलं आणि आईपाशी नेऊन पोचवलं. सोवळ्याचं काय होईल, हा प्रश्न त्यांना त्या क्षणी पडलाच नसेल, असं मला वाटतं.

पण म्हणून नेम सोडून दे, असं मी म्हणणार नाही. नाथांचीच दुसरी गोष्ट बघ, कावडीची. काशीची गंगा रामेश्वराला घालायला निघाले आणि वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं, तर कावड तिथंच त्याच्या तोंडात रिती केली. गोष्ट सांगताना सगळे इथं थांबतात, दयेचं कौतुक करतात. मला अलीकडं त्या आधीची वाट जास्त दिसते. काशीपासून तिथवर शेकडो कोस पायी, ऊन, खांद्यावर पाणी आणि घशाला कोरड. त्या वाटेवर कावडीतलं पाणी त्यांनी स्वतःसाठी घेतलं असतं, तर गाढवापाशी पोचल्यावर द्यायला काय उरलं असतं? पाणी राखलं संयमानं आणि खर्चलं दयेनं. राखताना ते रामेश्वराचं होतं, तरी देताना हात आखडला नाही. मला या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत.

आपण मराठवाड्यातली माणसं, आपल्याला हे पुराणातून शिकायची गरज नाही. २०१६ साली मांजरा धरण आटलं, एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आम्ही तेव्हा लातुरातच होतो. आई भांडी राखेनं घासायची, धुण्याचं पाणी झाडाला घालायची, आम्हाला तांब्याभर पाणीही वाया घालवू द्यायची नाही. आम्हाला ती कडक वाटायची. पण गल्लीतल्या बाळंतिणीकडं रोज घागर जायची ती आमच्याच घरातून. ज्यांच्याकडं टँकर आला की हंडे सांडत, त्यांच्याकडं दुसऱ्या दिवशी द्यायला काही नसायचं.

आता तुझ्या चुलतभावाचं, आणि इथं मी जरा कठोर बोलणार आहे. तो दर महिन्याला येतो, रडतो, तू पैसे देतोस, ते दारूत जातात. वहिनी बोलल्या की तू त्यांना ‘तुला दया नाही’ म्हणतोस. हे बरोबर नाही. तुला त्याचं रडणं सोसत नाही, म्हणून तू खिशात हात घालतोस. त्याचं रडणं थांबतं, तुझंही मन हलकं होतं, आणि त्याच्या लेकरांच्या ताटात काहीच पडत नाही. पैसे हातात देऊ नकोस. ज्वारीचं पोतं त्याच्या बायकोकडं पोचव. पोराची फी स्वतः शाळेत जाऊन भर. तो चिडेल, चारचौघांत तुला कंजूष म्हणेल. ते ऐकून घे. उपासापेक्षा हे अवघड आहे आणि तुझ्या नेमाचा खरा कस इथंच लागणार आहे.

आणि दिल्यावर उपदेश नको. ही सवय तुला आहे, मलाही आहे. दाण्यांबरोबर चार शब्द सुनावले की घेणाऱ्याची मान खाली जाते. नंतर त्याला दाणे आठवत नाहीत, शब्दच आठवतात.

एकादशीला पाणीही घेत नाहीस आणि दुपारी लेकरांवर खेकसतोस, असं वहिनींनी हिला फोनवर सांगितलं. रागावू नकोस त्यांच्यावर. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी स्पष्टच सांगितलंय, फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. भगर खा, ताक घे, पण घरात गोड बोल. लेकरांना बाप हवा आहे.

रात्री निजताना एवढंच बघ, आज जे आवरलं त्यातलं कुणाच्या उपयोगी काय पडलं. मी सध्या तेच करतो. काही दिवस उत्तर लगेच सापडतं, काही दिवस सापडत नाही.

चुलतभावाशी बोलताना सोबत कुणी हवं असेल तर कळव. रविवारी सकाळच्या एसटीनं येईन, दोघं मिळून त्याच्या घरी जाऊ. नाथषष्ठीला पैठणचं जमवायचंच, तुमची तारीख ठरली की सांग. काकूंची तब्येत आता कशी आहे तेही लिही. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच
मित्र