खुल्या विक्रीला किती खुर्च्या होत्या, ते सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाण्यांच्या मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं काळ्या बाजारात जातात, यावर आपल्या अंकात आलेली पत्रं वाचली. सगळ्यांचा रोख ब्लॅकवाल्यांवर. पोलिसांनी चार जणांना उचललं की प्रश्न मिटला, असा एकंदर सूर. मी हौसेपोटी बरीच वर्षं नाटकांच्या तिकीटखिडकीवर बसलो आहे. तिथून दिसतं ते थोडं वेगळं. ब्लॅकवाला सर्वांत शेवटी येतो. त्याचा धंदा चालेल अशी सोय तोवर खिडकीच्या आतल्यांनीच करून ठेवलेली असते.

नाटकाचा प्लॅन उघडायचा म्हणजे खुर्च्यांचा छापील तक्ता समोर घ्यायचा आणि विकली गेलेली खुर्ची पेन्सिलीने खोडायची. पण उघडायच्या आधीच पुढच्या काही रांगांवर फुल्या पडलेल्या असत. प्रायोजक, कलाकारांचे पाहुणे, आणि ज्यांना नाही म्हणण्याची कुणाची छाती नाही असे साहेब. सकाळपासून रांगेत पहिला उभा असलेला माणूस 'मला सातवी रांग का?' म्हणून भांडायचा. त्याचं बरोबरच होतं. पण निदान त्या फुल्या त्याला दिसत तरी होत्या. आता प्लॅन मोबाइलवर आला आणि विकलेली खुर्ची कुठली, राखून ठेवलेली कुठली, हे बाहेरच्याला कळायची सोयच उरली नाही.

कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचं उदाहरण सगळ्यांच्या लक्षात असेल. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांचे तीन कार्यक्रम झाले. विक्री २२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी उघडली. तिकिटं २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत. एक कोटीहून जास्त लोक रांगेत होते आणि तिन्ही दिवसांची मिळून तिकिटं दोन लाखांच्या आत, असं तेव्हा छापून आलं. बघता बघता तीच तिकिटं दुसऱ्या संकेतस्थळांवर लाखाच्या भाषेत बोलू लागली.

आता यात नवल काय? मागणी इतकी असताना किंमत २,५०० ठेवली, तर मधला फरक कुणीतरी खाणारच. किंमत कमी ठेवण्यात आयोजकाचा भोळेपणा नसतो. 'फक्त २,५०० पासून' असं जाहिरातीत मिरवता येतं, स्टेडियम भरलेलं दिसतं, प्रायोजक खूश होतो, कलाकारावर चाहत्यांना लुटल्याचा शिक्का बसत नाही. लासलगावला कांद्याचा भाव चारचौघांत बोलून ठरतो. इथेही लिलाव होतोच, पण माल एकदा विकून झाल्यावर, आणि पैसा जातो ज्याने गायलं नाही, वाजवलं नाही, मंडपही घातला नाही त्याच्याकडे. पुनर्विक्रीची संकेतस्थळं तर विकणारा आणि घेणारा दोघांकडूनही पैसे कापतात. ५०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आपण निमूट भरतो. ब्लॅकवाल्याने रोखीत घेतलेला वरचा फरक मात्र सरकारच्याही हाती लागत नाही.

मग किंमतच उघडपणे वाढवा, असं काही अर्थतज्ज्ञ म्हणतात. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये ओएसिस या बँडच्या तिकीटविक्रीच्या वेळी ते झालं. साधारण १४८ पौंडांचं उभं राहून बघायचं तिकीट मागणीनुसार ३५५ पौंडांवर गेलं आणि तासन्‌तास ऑनलाइन रांगेत थांबलेले लोक भडकले. मला वाढीव किमतीचं वावडं नाही. पैसा वाजवणाऱ्याकडे गेला तर गेला. पण रांगेत उभं करून भाव बदलणं ही लबाडी आहे. लिलाव करायचा तर तो लिलाव आहे असं आधी सांगून करा.

नाशिककरांचा तोटा यात दुहेरी, आणि याबद्दल कुणी लिहिलेलं दिसलं नाही. तिसरी घंटा झाली की हातातलं तिकीट म्हणजे कागद, हे ब्लॅकवाल्याला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे कार्यक्रम जवळ आला की दारावरचा भाव बहुधा उतरतो. नेरूळ-वाशीत राहणारा माणूस तोपर्यंत थांबू शकतो. आपल्याला गाडी, राहण्याची सोय, रजा, सगळं आधी ठरवावं लागतं. म्हणून भाव चढा असतानाच आपण घेतो. बरं, ऐनवेळी घरात कुणी आजारी पडलं तर तेच तिकीट परत करायला खिडकी नसते. मग सज्जन माणूसही ओळखीच्या ग्रुपवर 'दोन तिकिटं आहेत' असं टाकतो. त्यालाही ब्लॅकवाला म्हणायचं का?

कायद्याचं म्हणाल तर रेल्वे तिकिटांचा अनधिकृत धंदा हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाण्याच्या तिकिटांसाठी देशभर लागू असा खास कायदा नाही. जनहित याचिका फेटाळताना मुंबई उच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५ मध्ये हा विषय कायदे करणाऱ्यांचा आहे, असंच म्हटलं. आयर्लंडने २०२१ मध्ये ठरावीक कार्यक्रमांसाठी मूळ किमतीच्या वर पुनर्विक्री बंद केली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात जाहीर केलेल्या मोठ्या कार्यक्रमांना मूळ किमतीच्या वर दहा टक्क्यांची मर्यादा आहे. आपल्याकडेही असं काही यावं, पण नुसत्या मर्यादेने व्यवहार टेलिग्रामवर पळेल, एवढंच होईल. त्याच्या जोडीला आयोजकाची स्वतःची परतीची खिडकी हवी: तिकीट नावावर, आणि नको असेल तर त्याच किमतीला परत, म्हणजे ते रांगेतल्या पुढच्याला मिळेल.

हे सगळं दिल्ली-मुंबईत ठरेल तेव्हा ठरेल. महाकवी कालिदास कलामंदिर मात्र आपल्या महापालिकेचं आहे. तारीख देताना पालिकेला दोन अटी सहज घालता येतील. एकूण खुर्च्या किती आणि त्यातल्या खुल्या विक्रीला किती, हे बुकिंग सुरू होण्याच्या दिवशी दर्शनी फलकावर लागलं पाहिजे. आणि प्रयोगाच्या आदल्या दिवसापर्यंत तिकीट परत घेतलं पाहिजे. मैदानांवरच्या कार्यक्रमांनाही परवानगी देताना हेच मागता येईल. पहिल्या अटीला आयोजकांचा विरोध होईल, हे अनुभवाने सांगतो. दुसरी ते मान्य करतील.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. 'काही मिनिटांत हाऊसफुल्ल' अशी बातमी देताना आपल्या प्रतिनिधीने आयोजकाला खुल्या विक्रीच्या खुर्च्यांचा आकडा विचारावा, आणि त्याने दिला नाही तर 'आकडा दिला नाही' एवढंही छापावं.

आपला,
एक नाट्यरसिक
गंगापूर रोड, नाशिक