विषय : बंद खातं, कापलेले पैसे आणि तुमचं कलम 17

प्रति,
तक्रार निवारण विभागप्रमुख

तुमच्या मदत केंद्राशी पाचव्यांदा बोलून आत्ताच फोन ठेवला. तीन आठवडे खातं बंद, वर्षभराचे पैसे कापलेले, आणि आत माझे नऊ वर्षांचे फोटो. हे सगळं तुमच्या स्क्रीनवर दिसतंच, म्हणून पुन्हा उगाळत नाही.

आजचं मात्र सांगते. पैसे परत मागितले तर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, ‘‘मॅडम, कलम 17 प्रमाणे तुम्हाला डेलावेअरलाच जावं लागेल.’’ मी म्हटलं, तुमच्या सेवेच्या अटींमधल्या त्या कलमात कायदा डेलावेअरचा लागेल एवढंच आहे. दावा कुठल्या कोर्टात लावायचा, याचा त्यात एक शब्द नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या ना? ‘‘होल्ड करा हं.’’ अकरा मिनिटं बासरी. मग, ‘‘मॅडम, विचारून आलो. डेलावेअर हे आपल्या कंपनीच्या कायद्याचं नाव आहे.’’ अहो, ते अमेरिकेतलं राज्य आहे! तर म्हणे, ‘‘पण तुम्ही ‘मान्य आहे’वर टिक केली होती ना?’’ केली होती. टिक केल्याशिवाय पुढचं बटण उमटतच नाही. तुम्हीच बनवलंय ते.

त्याच कलमात ‘कायद्यांच्या संघर्षाची तत्त्वे विचारात न घेता’ असं भारदस्त शेपूट आहे. ही तत्त्वे म्हणजे कुठल्या ठिकाणचा कायदा लावायचा, हे ठरवणारे नियम. त्याचा हेतू इतकाच, की डेलावेअरच्याच नियमांनी प्रकरण दुसऱ्या कुठल्या कायद्याकडे ढकलू नये. मी राहते तिथला ग्राहक कायदा त्याने आपोआप पुसला जात नाही. ग्राहकाला राहत्या देशातल्या कायद्याचं सक्तीचं संरक्षणही मिळतं, हे न सांगता फक्त लक्झेंबर्गचा कायदा लागेल असं भासवणारं ॲमेझॉनचं कलम अन्यायकारक ठरतं, असं युरोपीय न्यायालयाने 2016 साली म्हटलं. ग्राहकाला कॅलिफोर्नियाच्या कोर्टात पाठवणारं फेसबुकचं कलम कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली मानलं नाही. तुमच्या वकिलांना हे माहीत नसेल असं मी म्हणणार नाही. माहीत असूनच कलम तसं ठेवलं असेल.

तीन आठवडे झालेत. तीन! एके काळी तुमचं नाव मीच चार जणांना सुचवलं होतं, त्यांची आता माफी मागतेय.

सात दिवसांत खातं उघडा आणि पैसे परत करा. नाहीतर मी राहते तिथल्याच ग्राहक न्यायालयात जाईन, कलम 17 सोबत जोडून. खातं क्रमांक आधीच्या चारही ईमेलमध्ये आहे. उत्तर देणाऱ्याने तेवढं डेलावेअर नकाशात बघून ठेवावं.

– तुमची (अजून तरी) ग्राहक