वॅट पाहता, मग कंपनाचा आकडा का नको?

संपादक महोदय,

घरातली छोटी-मोठी कामे स्वतः करायची म्हणून ड्रिल किंवा ग्राइंडर घेताना वॅट, आरपीएम आणि चकचा आकार सगळेच विचारतात. हाताला किती हादरे बसणार, हे सहसा कोणी विचारत नाही. तो आकडा माहितीपुस्तिकेत आवाजाच्या डेसिबलशेजारी बारीक अक्षरात असतो आणि ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ या एककात दिलेला असतो. त्यापुढे ‘के’ म्हणून आणखी एक आकडा येतो, बहुधा १.५. ती मोजमापातली अनिश्चितता. दोन्हींची बेरीज करूनच तुलना करावी. एकाच यंत्राचे काँक्रीटमध्ये ठोकत भोक पाडतानाचे आणि लोखंडात नुसते भोक पाडतानाचे आकडे वेगळे असतात, तेव्हा आपल्या कामाची ओळ वाचावी.

युरोपीय महासंघाच्या २००२ च्या निर्देशानुसार कामगारांच्या हाताला आठ तासांच्या हिशेबाने २.५ पेक्षा जास्त कंपन बसत असेल तर मालकाला उपाय करावे लागतात. ५ ही कमाल मर्यादा. नियम कामगारांसाठी असला तरी हिशेब घरीही तोच लागू पडतो. त्यात कंपनाचा वर्ग धरतात, म्हणून आकडा दुप्पट झाला की वेळ चौथाईवर येतो. २.५ ची पातळी १० च्या यंत्रावर अर्ध्या तासात गाठली जाते, २० च्या यंत्रावर साडेसात मिनिटांत. वेळ मोजायचा तो ट्रिगर दाबलेला तेवढाच.

म्हणूनच काँक्रीटसाठी साधे इम्पॅक्ट ड्रिल घेणे चुकीचे. त्यात दात असलेल्या दोन चकत्या एकमेकींवर घासत उड्या मारतात, आणि ठोका नीट बसावा म्हणून आपल्यालाच जोर लावून रेटावे लागते. तो सगळा हादरा मनगटात येतो. एसडीएस बिटच्या (दांड्याला खाचा असलेला बिट) रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबावर पिस्टन ठोकतो. रेटण्याची गरज फारशी नसते. यंत्र वजनाने जड, पण भोक कितीतरी लवकर पडते. समजा, वीस भोकांना इम्पॅक्ट ड्रिलवर प्रत्येकी अर्धा मिनिट लागला, तर दहा मिनिटे झाली. २० च्या यंत्रावर २.५ ची पातळी केव्हाच ओलांडली. मऊ विटेत किंवा हलक्या ब्लॉकमध्ये मात्र ठोका बंद करून नुसते फिरवावे. भोकही स्वच्छ पडते.

ग्राइंडरचे निम्मे दुखणे चकतीचे असते. फ्लँजवर, म्हणजे चकती धरून ठेवणाऱ्या कडीवर, धूळ साचली, चकती नीट बसली नाही किंवा एका बाजूने झिजली की चांगले यंत्रही थरथरते. रबर बसवलेली बाजूची मूठ उपयोगी, पण दुसरा हात यंत्राच्या अंगावर असतोच. ऑर्बिटल सँडरला (पॉलिशपेपरने घासणारे यंत्र) मूळ वजनाचाच पॅड लावावा. आतला तोल त्या वजनावर बेतलेला असतो. जिगसॉचा तळ लाकडाला टेकलेला हवा. बोथट बिट आणि पाते तर लगेच बदलावे.

‘कंपनरोधक’ हातमोज्यांवर भिस्त ठेवू नये. ठोकणाऱ्या यंत्रांची कमी वारंवारितेची कंपने त्यांतून जवळपास तशीच पार होतात, आणि जाड मोजा घातला की मूठ आणखी घट्ट आवळली जाते. घट्ट पकडीतून हादरा जास्त चढतो. मोज्यांचा खरा फायदा हात उबदार ठेवण्याचा. गारठ्यात बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात.

काम संपल्यावरही बोटांना मुंग्या येत राहिल्या, बधिरपणा टिकला किंवा थंडीत बोटांची टोके पांढरी पडू लागली, तर यंत्र बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे आणि कोणते यंत्र किती वेळ चालवता, हेही सांगावे.

– एक वाचक